हातातले कसब : मालकी की अमानत?

वाचकहो, आपल्या रोजच्या पाहण्यातील तीन दृश्ये क्षणभर डोळ्यांसमोर आणा. शिलाईच्या दुकानात कटिंग मास्टर कापडावर खडूने रेघा मारत आहेत. शेजारच्या मशीनवरचा कारागीर दहा वर्षांपासून त्यांच्याच सोबत शिवतो आहे, पण छातीच्या मापावरून खांद्याचा आणि बाहीचा हिशेब कसा काढायचा, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. दुसरे दृश्य गॅरेजमधले. इंजिन उघडलेले आहे आणि नेमके टायमिंग बसवण्याची वेळ आली की उस्ताद हाताखालच्या मुलाला चहा आणायला पाठवतात. तिसरे दृश्य कचेरीतले. एक विशिष्ट काम कसे पुढे सरकते, कोणता कागद कोठे जोडावा लागतो, हे एकाच अनुभवी कारकुनाला ठाऊक आहे. ते रजेवर गेले की काम थांबते, आणि आपल्यावाचून काम थांबते याचे त्यांना मनातून समाधानच वाटते.

या तिघांपैकी कोणी चोरी केलेली नाही. कोणी खोटे बोललेले नाही. तिघेही नमाज-रोज्याचे पाबंद असतील, जकात काढत असतील, शेजाऱ्याच्या सुखदुःखात धावून जात असतील. आपल्या या वागण्याविषयी अल्लाहच्या दरबारात विचारणा होऊ शकते, असे त्यांना सांगितले तर ते आश्चर्यच करतील. मी माझ्या मेहनतीने शिकलो, ते दुसऱ्याला सांगायचे की नाही हा माझा प्रश्न, असे ते म्हणतील. हाच प्रश्न आज आपण विचारार्थ घेऊ. जे कसब माझ्या हातात आहे, जी माहिती माझ्या डोक्यात आहे, ती माझी मालमत्ता आहे की माझ्याकडे सोपविलेली अमानत? आणि अमानत असेल तर कामावरच्या सोबत्याचा तिच्यावर काही हक्क पोहोचतो काय?

ज्ञान आले कोठून?

हिरा गुहेत अवतरलेल्या पहिल्याच संदेशात अल्लाहने स्वतःची ओळख शिकविणारा म्हणून करून दिली आहे. त्याने लेखणीद्वारे शिक्षण दिले आणि मनुष्याला जे ठाऊक नव्हते ते शिकविले, असा त्या आयतींचा आशय आहे. म्हणजे माणसाच्या ज्ञानाची सुरुवातच घेण्यापासून होते. ज्याने कधी कोणाकडून काही घेतले नाही, असा जाणकार या पृथ्वीवर नाही.

हे केवळ दीनच्या ज्ञानाबद्दल आहे, असेही नाही. सूरह अंबियामध्ये हजरत दाऊद (अलै.) यांना चिलखत बनविण्याची कला अल्लाहने शिकविल्याचा उल्लेख आहे. सूरह सबामध्ये तर कड्यांचे माप नीट जुळविण्याची कारागिरीतील बारीक सूचनाही आली आहे. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. लोहाराचे काम एका प्रेषिताला शिकविले गेले, यावरून हस्तकौशल्याचा सन्मान दिसतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही कला लढाईच्या आघातापासून लोकांचे रक्षण व्हावे यासाठी शिकविली गेली, असे कुरआन सांगतो. शिकणारे एक होते, लाभ सर्वांचा अभिप्रेत होता.

याच्या अगदी उलट उदाहरण कारूनचे आहे. सूरह कससमध्ये त्याची हकीकत आली आहे. लोकांनी त्याला समजावले की अल्लाहने तुझ्यावर उपकार केला तसा तूही लोकांवर उपकार कर. त्यावर त्याचे उत्तर असे होते की हे सारे मला माझ्याजवळच्या ज्ञानामुळे मिळाले आहे. कारूनच्या संपत्तीची कथा आपण मुलांना नेहमी सांगतो. त्याचा हा दावा संपत्तीबरोबरच ज्ञानाविषयीचाही होता, हे मात्र सांगायचे राहून जाते. मी माझ्या अकलेने मिळविले, यात दुसऱ्याचा काय संबंध, हे वाक्य आपल्या दुकानात किंवा कचेरीत उच्चारले जाते तेव्हा ते नवे नसते.

इब्ने खल्दून यांनी 1377 साली पूर्ण केलेल्या आपल्या ‘मुकद्दमा’ या ग्रंथात हस्तव्यवसायांची सविस्तर चर्चा केली आहे. कोणतीही कला शिक्षकाशिवाय अंगी मुरत नाही, ती पाहून आणि पुन्हा पुन्हा करून हातात बसते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्या अनुभवाचीही हीच साक्ष आहे. सुई धरायला कोणी तरी शिकविले होते. पहिला कपडा बिघडला तेव्हा कोणी तरी सांभाळून घेतले होते. ‘मी स्वतः शिकलो’ असे म्हणणाऱ्यानेही कोणाचे तरी पाहूनच शिकलेले असते.

कारागिराला मदत

या विषयावर बोलताना आपल्याकडे एक हदीस लगेच सांगितली जाते. ज्याला ज्ञानाविषयी विचारले गेले आणि त्याने ते लपविले, त्याला कियामतच्या दिवशी अग्नीचा लगाम घातला जाईल, या आशयाची ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. परंतु विद्वानांनी तिचा संबंध प्रामुख्याने दीनच्या आवश्यक ज्ञानाशी जोडला आहे. कटिंग न शिकविणाऱ्या मास्टरच्या माथी हा इशारा जसाच्या तसा मारणे न्यायाचे होणार नाही. दीनच्या नावाने कोणावर त्याच्या वाट्यापेक्षा अधिक भार टाकू नये.

मग दुनियेतल्या कसबाबद्दल मार्गदर्शन कोठे मिळते? हजरत अबू जर (रजि.) यांनी अल्लाहच्या प्रेषितांना (स.) विचारले होते की सर्वोत्तम कर्म कोणते. अल्लाहवरील ईमान आणि त्याच्या मार्गातील प्रयत्न, असे उत्तर मिळाले. गुलाम मुक्त करण्याविषयीही बोलणे झाले. हे मला साधले नाही तर काय करावे, असे त्यांनी पुढे विचारले. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की काम करणाऱ्या कारागिराला साहाय्य करावे, किंवा ज्याला काम जमत नाही त्याचे काम करून द्यावे. तेही जमले नाही तर काय, या प्रश्नावर सांगितले गेले की निदान आपल्यापासून लोकांना त्रास पोहोचू देऊ नये. हाही स्वतःवर केलेला एक सदकाच होय. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. कारागिराच्या शब्दाच्या जागी एका पाठात अडचणीत सापडलेल्या माणसाचा उल्लेख आहे. पण काम न जमणाऱ्याला हात देण्याची गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

किती जवळची ही शिकवण! ईमानानंतर, गुलाममुक्तीनंतर लगेच आपण एका कामाच्या जागी येऊन पोहोचतो. तेथे एकाला काम येते आणि दुसऱ्याला येत नाही. ज्याला येते त्याच्यासाठी चांगुलपणाची संधी तेथेच, हाताच्या अंतरावर ठेवलेली आहे.

सूरह माऊन आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असते. तिच्या शेवटी दिखाऊ नमाजी लोकांचा एक दोष सांगितला आहे, तो म्हणजे नित्य वापरातील किरकोळ वस्तूही ते दुसऱ्याला देत नाहीत. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी या वस्तूंची उदाहरणे म्हणून बादली आणि भांडे यांसारख्या गोष्टी सांगितल्या आहेत. बादली दिल्याने ती काही काळ तरी आपल्याजवळून जाते. युक्ती सांगितल्याने आपल्याजवळचे काहीच कमी होत नाही. जी वस्तू दिल्यावर कमी होते ती रोखण्याची एवढी निंदा असेल, तर जी दिल्यावर कमी होत नाही ती रोखणाऱ्याने आपल्या मनाला काय उत्तर द्यावे?

पोटाचा प्रश्न

येथे कोणी म्हणेल, उपदेश ठीक आहे, पण पोटाचे काय? हा आक्षेप हलका नाही. पंधरा वर्षे घासून जे शिकलो ते शेजारच्याला शिकविले, उद्या तो कमी पगारावर माझ्या जागी उभा राहिला, तर माझ्या मुलांची फी कोण भरणार? असे प्रकार घडतात. एखाद्या जुन्या कामगाराला सांगितले जाते की या नव्या मुलाला तयार कर, आणि मुलगा तयार झाला की जुन्याला नमस्कार केला जातो. ज्याने हे पाहिले आहे त्याने तोंड मिटून घेतले तर त्याला कंजूष म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याची भीती मात्र खरी आहे.

म्हणून हा प्रश्न एका ठोस जागी तपासून पाहू. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर आपल्या समाजातील हजारो कुटुंबांची चूल अवलंबून आहे. तेथे जॉबर नावाचा एक माणूस असतो. माग बिघडला, कापडात दोष येऊ लागला की तो येऊन माग दुरुस्त करतो, त्याची जुळणी करतो. विणकराला मजुरी मिळते ती विणलेल्या कापडावर. माग बंद म्हणजे मजुरी बंद. आता समजा, रात्रपाळीत एक माग थांबला. दोष लहान आहे, पण जुळणी कशी करायची हे जॉबरने कोणाला कधी दाखविलेले नाही आणि तो घरी झोपला आहे. विणकर सकाळपर्यंत बसून राहतो. त्या रात्रीची किंमत कोणी मोजली? मालकाचे थोडे नुकसान झाले असेल. जॉबरची कदर मात्र वाढली. भाकरी कमी झाली ती विणकराच्या घरातली.

आपले ज्ञान राखून ठेवताना आपण ते मालकापासून राखतो असे आपल्याला वाटते. पुष्कळदा त्याचा भुर्दंड आपल्यापेक्षा दुबळ्या सोबत्यावर पडतो. गॅरेजमधल्या मुलाची दोन-तीन वर्षे वाया जातात. कचेरीत जुन्या कारकुनांची रजा संपेपर्यंत एखादी विधवा पेन्शनसाठी चकरा मारत राहते. रुग्णालयात पाळी बदलताना एका परिचारिकेने दुसरीला नीट सांगितले नाही, तर परिणाम खाटेवरच्या रुग्णाला भोगावा लागतो. आपली रोजी सुरक्षित ठेवण्याचा प्रयत्न गैर नाही. पण दुसऱ्याचे अज्ञान हीच माझ्या भाकरीची हमी, असे गणित मी मांडले, तर माझ्या सोबत्याचे भले होण्यात माझे वाईट आहे, असे मला कायमचे मानावे लागते. एक ईमानधारक रोज आठ तास अशा मनाने वावरू शकतो काय? पृथ्वीवर चालणाऱ्या प्रत्येक जिवाच्या रोजीची जबाबदारी अल्लाहवर आहे, असे सूरह हूदमध्ये आपण वाचतो. ते वाचूनही आपण रोजीची किल्ली सोबत्याच्या अडाणीपणात शोधत असू, तर आपल्या वाचनाचा आणि विश्वासाचा मेळ बसत नाही.

तुरुंगातील जाणकार

या पेचातून वाट दाखविणारे उदाहरण सूरह यूसुफमध्ये आहे. हजरत यूसुफ (अलै.) निरपराध असूनही तुरुंगात होते. सोबतच्या एका कैद्याला त्यांनी स्वप्नाचा अर्थ सांगितला होता आणि सुटल्यावर आपल्या धन्याजवळ माझा उल्लेख कर, अशी विनंती केली होती. तो सुटला आणि विसरून गेला. काही वर्षे लोटली. मग राजाला सात धष्टपुष्ट आणि सात कृश गायींचे स्वप्न पडले, दरबारातल्या कोणालाही अर्थ सांगता येईना, तेव्हा त्या माणसाला यूसुफ (अलै.) आठवले आणि तो तुरुंगात धावत आला.

विचार करा, त्या क्षणी यूसुफ (अलै.) यांच्या हाती केवढे बळ होते! जे ज्ञान साऱ्या मिसर देशात कोणाकडे नव्हते ते त्यांच्याकडे होते, आणि मागणारा तोच होता ज्याने त्यांना विसरून वर्षानुवर्षे तुरुंगात राहू दिले होते. आधी माझी सुटका करा, मग अर्थ सांगतो, असे ते म्हणू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. दोष दिला नाही, अट घातली नाही. केवळ अर्थ सांगून थांबले असते तरी पुष्कळ होते. त्यांनी उपायही सांगितला. सात वर्षे नेहमीप्रमाणे पेरा, खाण्यापुरते काढून उरलेले धान्य कणसातच राहू द्या, पुढची सात वर्षे कठीण आहेत, आणि त्यानंतर पावसाचे वर्ष येईल, असा पूर्ण आराखडा दिला. दुष्काळात मरणार होती ती सामान्य माणसे. त्यांच्या जिवाचा त्यांनी सौदा केला नाही.

पण कथा येथे संपत नाही. राजाचे बोलावणे आले तेव्हा ते लगेच बाहेर पडले नाहीत. आपल्यावरील आरोपाची आधी चौकशी व्हावी, अशी मागणी त्यांनी केली. निर्दोषत्व सिद्ध झाल्यावर, मी रक्षण करणारा आणि जाणकार आहे, असे सांगून राज्याच्या कोठारांची जबाबदारीही त्यांनी मागितली. म्हणजे यूसुफ (अलै.) यांनी आपला हक्क सोडला नाही. फक्त ज्ञानाला हक्काचे ओलीस ठेवले नाही. ज्ञान दिले ते लोकांच्या गरजेसाठी. हक्क मागितला तो उघडपणे, सरळ मार्गाने. या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. आपण त्या एकत्र गुंतवतो आणि तेथेच आपली अडचण सुरू होते.

तेव्हा ज्याला शिकविण्याचे काम सांगितले आहे त्याने त्याचा मोबदला मागण्यात काही गैर नाही. सहाबांच्या एका तुकडीने विंचू-सापाच्या दंशाने तळमळणाऱ्या एका कबिल्याच्या सरदारावर सूरह फातिहा पढून मोबदला म्हणून बकऱ्या घेतल्या होत्या आणि प्रेषितांनी (स.) त्याला मान्यता दिली होती. पगारवाढ मागा, पद मागा, शिकविण्याच्या वेळेचे पैसे मागा, गरज पडली तर सोबत्यांसह एकत्र येऊन मागा. पण अडलेल्या सोबत्याला अडवून ठेवून मागू नका.

मालकाची जबाबदारी

ज्या वाचकांचे स्वतःचे दुकान, कारखाना किंवा कार्यालय आहे, त्यांनी वरील उपदेश आपल्या नोकरांना वाचून दाखविण्यापूर्वी थोडे थांबावे. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषितांची (स.) ताकीद आपण भिंतीवर लावतो. ज्या कारागिराने आपले वीस वर्षांचे कसब दुसऱ्याला दिले त्याचाही घाम त्यात गळालेला असतो. त्याच्याकडून काढून घेऊन त्यालाच घरी पाठविणारा मालक ज्ञानाची देवाणघेवाण वाढवीत नाही. पाहणाऱ्या प्रत्येक कामगाराला तो एकच धडा देतो की तोंड उघडू नका. अशा कारखान्यात पुढची वीस वर्षे कोणी कोणाला काही शिकविणार नाही आणि त्या मौनाचा मोठा वाटा मालकाच्या हिशेबात लिहिला जाईल. शिकविणाऱ्याचे स्थान शिकविल्याने वाढते, असे ज्या ठिकाणी दिसते तेथे लोक आपणहून शिकवितात.

पाळीतले दोन सोबती

सोबत्यांनी ज्ञान कसे वाटून घ्यावे, याचे एक सुंदर उदाहरण बुखारीच्या ज्ञानविषयक प्रकरणात आहे. हजरत उमर (रजि.) मदीनेच्या वरच्या भागात राहत होते. त्यांचे एक अन्सारी शेजारी होते. दोघांनाही पोटापाण्याची कामे होती, रोज प्रेषितांच्या (स.) सेवेत हजर राहणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी पाळी ठरविली. एक दिवस उमर (रजि.) जात, दुसऱ्या दिवशी शेजारी. जो जाई तो त्या दिवसाचा संदेश आणि इतर वृत्तांत परत येऊन दुसऱ्याला सांगे.

कारखान्यात आणि रुग्णालयात पाळी बदलते तेव्हा हे उदाहरण आठवावे. दोघेही कष्टकरी, दोघांनाही वेळ अपुरा, आणि शिकण्याची ओढ दोघांना सारखीच. एकाने आपल्या दिवसाचे ऐकलेले स्वतःपुरते ठेवले असते तर तो दुसऱ्यापेक्षा एक दिवस पुढे राहिला असता. पण मग दुसऱ्या दिवशी तोही मागे पडला असता. दोघांनी वाटून घेतल्याने दोघांचेही सर्व दिवस भरले. शेजारी सांगेल ते खरे आणि पूर्ण असेल, हा विश्वास त्या व्यवस्थेचा पाया होता. अर्धवट सांगणारा, मुद्दाम एखादी गोष्ट गाळणारा सोबती असता तर ती दोन दिवसही टिकली नसती. ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो तो अमानतदार असतो, ही प्रेषितांची (स.) शिकवण येथे लागू पडते. विचारल्यावर चुकीचे सांगणे, किंवा नेमकी महत्त्वाची पायरी वगळून सांगणे, हे न सांगण्यापेक्षाही वाईट आहे.

मर्यादा कोणत्या?

सर्वांना सर्व काही सांगावे, असा याचा अर्थ नाही. बैठकीतील बोलणे ही अमानत असते, असे हदीसमध्ये आले आहे. रुग्णाचा आजार, ग्राहकाचा हिशेब, मालकाने विश्वासाने सांगितलेला व्यवहार, हे आपले ज्ञान नव्हे. ते दुसऱ्याचे आपल्याजवळ ठेवलेले गुपित आहे. ते सोबत्याला सांगणे म्हणजे खियानत होईल.

तसेच, जे काम अर्धवट येणाऱ्याच्या हाती गेल्याने इतरांना इजा होऊ शकते, तेथे घाई करू नये. वैद्यकाचे ज्ञान नसता उपचार करणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी येते, असा स्पष्ट आदेश हदीसमध्ये आहे. वीज, औषध, अवजड यंत्रे यांच्याबाबत शिकविणे म्हणजे तयारी पाहून, टप्प्याटप्प्याने, आपल्या देखरेखीखाली शिकविणे होय.

आणखी एक तक्रार ऐकू येते. काही सोबती शिकत नाहीत, फक्त आपले काम आपल्यावर ढकलतात. काही जण आपली युक्ती साहेबासमोर स्वतःची म्हणून मांडतात. पहिल्याला एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा दाखवावे आणि मग प्रेमाने सांगावे की आता तू कर, मी बघतो. दुसऱ्याने जे केले ती अप्रामाणिकता आहे आणि ती त्याला एकांतात स्पष्टपणे सांगण्याचा आपल्याला हक्क आहे. पण एका लबाडाच्या रागाने दहा गरजूंसाठी दार लावून घेऊ नये.

शिकविण्याची रीत

कित्येक जण शिकवितात खरे, पण असे शिकवितात की शिकणाऱ्याने पुन्हा विचारू नये. एवढेही येत नाही का, हे चार लोकांसमोर विचारले की पुढचा प्रश्न गळ्यातच अडकतो. हजरत मुआविया बिन हकम (रजि.) यांची घटना या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. नमाज चालू असताना कोणी शिंकले आणि त्यांनी अजाणतेपणे मोठ्याने दुआ दिली. लोक त्यांच्याकडे रोखून पाहू लागले, तसे ते आणखीच गोंधळले. नमाजनंतर प्रेषितांनी (स.) त्यांना रागावले नाही, मारले नाही, बोल लावला नाही, नमाजमध्ये लोकांशी बोलणे योग्य नाही, एवढे समजावून सांगितले. आपण यांच्यापेक्षा चांगला शिक्षक कधी पाहिला नाही, असे ते पुढे सांगत असत. चूक सर्वांसमोर झाली होती, तरी चूक करणाऱ्याची लाज राखली गेली.

शिकणाऱ्यालाही काही नियम आहेत. हजरत मूसा (अलै.) एवढे थोर प्रेषित, पण विशेष ज्ञान मिळालेल्या अल्लाहच्या एका दासाजवळ गेले तेव्हा आपण मला शिकवाल या आशेने मी सोबत येऊ काय, अशी त्यांनी नम्रपणे परवानगी मागितली. वय, हुद्दा किंवा पदवी मोठी असली तरी ज्याला येते त्याच्यासमोर विचारणारा म्हणून उभे राहण्यात कमीपणा नाही. अभियंत्याने जुन्या फिटरला विचारावे, डॉक्टरने अनुभवी परिचारिकेला विचारावे. ज्यांनी घेतले त्यांनी कोणाकडून घेतले हे सांगावे. शिकविणाऱ्याचे नाव घेतले गेले तर त्याची अर्धी भीती तेथेच संपते.

भगिनींसाठी येथे एक उज्ज्वल उदाहरण आहे. हजरत शिफा बिन्ते अब्दुल्लाह (रजि.) यांना लिहिता येत होते; त्या काळात ही दुर्मीळ गोष्ट होती. त्यांनी उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना लेखन शिकविले. त्वचेच्या एका विकारावरील उपचाराची दुआही त्यांना येत होती. लिहिणे शिकविले तसे हेही हफ्सा यांना शिकवीत नाही का, असे प्रेषितांनी (स.) त्यांना विचारले. एका जाणकार स्त्रीकडून दुसरीकडे विद्या जावी, यात प्रेषितांनी (स.) स्वतः लक्ष घातले. शिवणवर्गात, शाळेच्या शिक्षिका कक्षात, आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या आपल्या भगिनींनी ही परंपरा आपली मानावी.

सुरुवात घरातून

कामाच्या जागी दिसणारी ही कंजुषी तेथे जन्मत नाही. मुलगी शाळेतून येते, उद्या परीक्षा असते, मैत्रीण वही मागते. आणि आपणच तिला सांगतो की तुझ्या नोट्स कोणाला दाखवू नकोस, ती पुढे जाईल. त्या एका वाक्यात आपण मुलीला शिकवितो की मैत्रिणीचे कळणे म्हणजे तुझे हरणे. वीस वर्षांनी ती कचेरीत बसते तेव्हा तोच धडा तिच्या कामी येतो. त्याऐवजी वही दे आणि न कळलेले तिला समजावून सांग, असे म्हटले तर मुलीचे नुकसान होत नाही. समजावून सांगताना तिचे स्वतःचेही पक्के होते, हे प्रत्येक शिक्षक जाणतो.

हसद निषिद्ध आहे, पण दोन माणसांचा हेवा वाटावा, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. एक तो, ज्याला संपत्ती मिळाली आणि तो ती सत्कार्यात खर्च करतो. दुसरा तो, ज्याला शहाणपण मिळाले आणि तो त्यानुसार निर्णय करतो व ते इतरांना शिकवितो. आपल्या मुलांना पहिल्या माणसासारखे होण्याची स्वप्ने आपण दाखवितो. दुसऱ्याचे स्वप्नही दाखवावे, कारण त्यासाठी श्रीमंत असण्याची गरज नाही.

वाचकहो, माणूस मरण पावला की त्याच्या कर्मांचा क्रम थांबतो, फक्त तीन गोष्टी चालू राहतात, अशी हदीस आपल्याला ठाऊक आहे. सदका-ए-जारिया, लोकांना उपयोगी पडणारे ज्ञान आणि दुआ करणारी नेक संतती. विहीर खोदण्याची किंवा मशीद बांधण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. पण गॅरेजमधल्या उस्तादाजवळ, कटिंग मास्टरजवळ, कचेरीतल्या कारकुनाजवळ तिसरी नाही तर दुसरी गोष्ट नक्कीच आहे. त्यांनी शिकविलेला मुलगा उद्या हलाल कमाईने आपले घर चालवील, तो आणखी कोणाला शिकवील. जे आपण हातातच ठेवले ते मात्र हातांबरोबर मातीत जाईल.

तेव्हा या आठवड्यात एकच करून पाहावे. आपल्या कामावर असा कोण आहे ज्याला आपल्याजवळची एखादी गोष्ट यायला हवी होती आणि आपण आजवर सांगितली नाही? त्याला जवळ बोलवावे आणि इंजिन उघडले असताना, चहाला न पाठविता, शेजारी उभे करून दाखवावे. मग संध्याकाळी आपली रोजी त्यामुळे खरोखर कमी झाली का, याचा हिशेब करावा.

अल्लाह आम्हाला लाभदायक ज्ञान देवो, ते वाटण्याचे औदार्य देवो आणि निरुपयोगी ज्ञानापासून आमचे रक्षण करो. आमीन.